उन्हाच्या गावात अंडी उबवताना

मे महिन्यात गावरान अंडं थेट तव्यावर फोडू नये, आधी वाटीत फोडून बघावं. बलकावर कधीकधी लाल रेघांचं कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी पसरलेलं दिसतं आणि घरात ओरडा होतो की बाजारवाल्यानं नासकं अंडं गळ्यात मारलं. अंडं नासलेलं नसतं, ते उबायला लागलेलं असतं. कोंबड्याच्या सोबतीत राहणाऱ्या कोंबडीचं अंडं फलित असतं. त्यातला गर्भ साधारण २० अंशांच्या खाली निपचित पडून राहतो, त्याच्या वर गेलं की हळूहळू जागा होतो आणि साडेसदतीस अंशांना तर अगदी सुरळीत वाढतो. भिलाईत सेक्टर १० मधल्या बंद क्वार्टरमध्ये मेमधल्या दुपारी ही ऊब फुकट मिळते. फक्त ती साडेसदतीसवर थांबत नाही. बाहेर पारा ४४ ला टेकलेला, खोलीत चाळीस, पहाटे तिथेच तीस. असल्या चढउतारात गर्भ दोन-तीन दिवस धडपडतो आणि मरतो. वाटीत दिसतं ते त्या धडपडीतलं उरलेलं.

घरी अंडी उबवण्याविषयी जे छापलं आणि सांगितलं जातं, त्यातलं बहुतेक थंड खोली गृहीत धरून सांगितलेलं आहे. ऊब कशी द्यायची, ती टिकवायची कशी, वीज गेली तर पेटी घोंगडीत कशी गुंडाळायची, वगैरे. आपल्याकडे वर्षातले निदान तीन-चार महिने हे सगळं उलटं वाचावं लागतं. बल्ब आणि थर्मोस्टॅट लावलेली पेटी तापवू शकते, गार करू शकत नाही. खोलीच जर ४१ अंशांना असेल तर थर्मोस्टॅट इमानेइतबारे बल्ब बंद ठेवतो आणि अंडी तरीही शिजत राहतात. म्हणून कुठलं यंत्र घ्यावं, हा सर्वांचा पहिला प्रश्न मला दुय्यम वाटतो. आधी महिना ठरवावा. मग निघालेल्या पिल्लांचं काय करायचं ते ठरवावं. यंत्राचं नंतर.

घरी अंडी उबवण्याचा प्रश्न आता विचारला जातो याला कारण आहे. फेब्रुवारी १९५५ मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि या कारखान्याच्या नोकरीसाठी देशभरातून माणसं आली. त्यात नागपूर, भंडारा, गोंदियाकडची मराठी घरंही होती. त्यांना दुर्ग जिल्हा परका नव्हता. १९५६ पर्यंत तो नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशातच होता. टाउनशिपच्या क्वार्टरांना पुढेमागे जमीन मिळाली, तिच्यात पेरू, लिंबू, शेवगा आला. कोंबड्या मात्र गावाकडे राहिल्या. आता थर्मोकोलची पेटी आणि चारपाचशे रुपयांच्या आत येणारा डिजिटल थर्मोस्टॅट घरपोच मिळतो, शाळेतल्या मुलांना प्रकल्प हवा असतो, निवृत्तांना वेळ असतो. परसात चार कोंबड्या असाव्यात असं पुन्हा वाटू लागलं आहे.

उबवणीचं शास्त्र थोडक्यात आटोपतं. कोंबडीच्या अंड्याला २१ दिवस लागतात, बदकाला २८, जपानी लावीला १७-१८. पेटीत पंखा असेल तर ३७.५ ते ३७.७ अंश सेल्सिअस. पंखा नसेल तर हवेचे थर पडतात, म्हणून अंड्यांच्या माथ्याशी मोजून ३८.५ च्या आसपास. पहिले १८ दिवस ५० टक्क्यांच्या जवळपास दमटपणा, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात, त्यातून प्राणवायू आत जातो आणि वाफ बाहेर पडते, त्यामुळे पेटीला भोकं हवीत. आणि अंडी दिवसातून निदान तीन वेळा, शक्यतो पाच वेळा फिरवायची. नाहीतर गर्भ पडद्याला चिकटतो. विषम संख्या एवढ्यासाठी की रोज रात्री तेच अंग वर राहू नये. अठराव्या दिवशी फिरवणं बंद.

एवढं माणसाला फार पूर्वीपासून येतं, आणि गंमत म्हणजे ते उष्ण, कोरड्या प्रदेशातच आधी जमलं. इजिप्तमध्ये अंडी उकिरड्यात पुरून उबवतात असं ॲरिस्टॉटल लिहून गेला आहे. त्याच देशात मातीच्या विटांच्या दुमजली भट्ट्या बांधल्या गेल्या. मधून अरुंद वाट, दोन्ही बाजूंना खोल्या, खालच्या मजल्यावर अंडी, वरच्या मजल्यावर शेण आणि भुसा जाळायचे पाट, छताला धूर जाण्यापुरतं भोक. एका वेळी हजारो अंडी. थर्मामीटर नाही. भट्टीवाला अंडं उचलून आपल्या मिटल्या पापणीला लावतो आणि ऊब जास्त की कमी ते सांगतो. तीन अंडी द्या आणि दोन पिल्लं न्या, असा तिथला व्यवहार जुन्या प्रवाशांनी लिहून ठेवला आहे. यातली सर्वांत शहाणी गोष्ट मला वेगळीच वाटते: साधारण निम्मे दिवस गेले की ते विस्तव विझवतात. गर्भ मोठा झाला की तो स्वतः उष्णता टाकू लागतो आणि हजारो अंडी एकमेकांना तापवतात. अठराव्या शतकात रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञानं ही विद्या फ्रान्समध्ये नेण्याचा खटाटोप केला, १७४९ मध्ये त्यावर ग्रंथही काढला, पण तिकडच्या हवेत ती रुजली नाही. नाईलच्या खोऱ्यातल्या काही भट्ट्या अलीकडच्या काळापर्यंत चालू होत्या.

छत्तीसगडला याहून जवळची एक पद्धत आहे, आणि तिच्याकडे इथं कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही, याचं मला नवल वाटतं. चीन, व्हिएतनाम, बांगलादेश या भातपिकाच्या देशांत बदकाची अंडी भाताच्या तुसात उबवतात. तूस गरम करायचं, टोपलीत किंवा बांबूच्या नळकांड्यात भरायचं, अंडी कापडात गुंडाळून थरांमध्ये ठेवायची. पुढच्या खेपेची ताजी अंडी जुन्या अंड्यांच्या मध्ये बसवायची, म्हणजे जुन्यांच्या अंगची ऊब नव्यांना मिळते आणि इंधन जवळजवळ लागत नाही. तूस ऊब धरून ठेवतं. धमधा, पाटणकडच्या राईस मिलबाहेर त्याचे डोंगर पडलेले असतात. मात्र ही पद्धत शेकडो अंड्यांना शोभते. बारा अंड्यांच्या अंगात एकमेकांना पुरेल एवढी ऊब नसते. घरगुती पेटीला आवरण म्हणून तुसाचा वापर करावा, तेवढ्यानंही बल्बचं काम हलकं होतं.

आता कोंबडी. खुडूक झालेली गावरान कोंबडी या कामात कुठल्याही यंत्राला हरवते, आणि उन्हाळ्यात तर फारच. ती दहा-बारा अंडी पोटाखाली घेते. दिवसातून अनेकदा चोचीनं ती उलटीपालटी करते, कडेची मध्ये आणि मधली कडेला सरकवते. पोटावरची पिसं झडून उघडी पडलेली कातडी थेट अंड्याला टेकते. दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं उठून दाणापाणी उरकते, तेवढी अंड्यांना हवा लागते. उन्हाळ्यात गावात तिला रवणीला बसवताना टोपलीत ओलसर माती किंवा वाळू, वर पेंढा, आणि टोपली घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात, अशी बैठक देतात. यात दमटपणा आणि गारवा दोन्ही येतात. टोपलीत लोखंडाचा तुकडा किंवा कोळसा ठेवतात, गडगडाटानं अंडी नासू नयेत म्हणून. त्याचा उपयोग होत नाही आणि अपायही होत नाही. लांबट अंड्यातून कोंबडा निघतो हेही तसंच. अंड्याच्या आकाराचा आणि लिंगाचा संबंध नाही, पेटीच्या तापमानाचाही नाही.

अडचण एकच, खुडूक कोंबडी हुकमी मिळत नाही. बारा-पंधरा अंडी घालून झाली की गावरान कोंबडी बसते आणि बसली की अंडी बंद. अंड्याच्या धंद्याला हा गुण परवडत नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तो काढून टाकला आहे. वर्षाला ३०० च्या वर अंडी देणारी पांढरी लेयर कोंबडी बसतच नाही. कडकनाथही वाईट बसणारी. उलट असील जातीच्या कोंबड्या नामी आया असतात, आणि बस्तर हा तर असीलचा मुलूख. तिथल्या झुंजींमुळे कोंबड्याचं नाव झालं, कोंबडीचं झालं नाही. सुपेला किंवा उतईच्या बाजारात देशी कोंबडी घेताना ती बसलेली आहे का, असं विचारणारा गिऱ्हाईक विरळा, आणि विक्रेत्यालाही खुडूक कोंबडी नकोशी असते, कारण ती अंडी देत नसते. चौकशी केली तर ती स्वस्तात पदरात पडू शकते. बाजारातून आणल्यावर ती बिथरते हे खरं. रात्री अंधारात, आधी दोन-चार खोट्या किंवा बिनकामाच्या अंड्यांवर बसवून पाहावी आणि टिकली तरच खरी अंडी द्यावीत.

यंत्रांविषयी फार लिहिण्यासारखं नाही. थर्मोकोलची पेटी, त्यात बल्ब, जुन्या संगणकाचा पंखा, थर्मोस्टॅट, पाण्याची वाटी, वर काच. फिलामेंटचा बल्ब आता दुकानात मागितला तर दुकानदार एलईडी पुढे करतो. तो उजेड देईल, ऊब देणार नाही, तेव्हा हट्ट धरावा किंवा सिरॅमिक हीटर घ्यावा. ६० वॉटचा बल्ब निम्मा वेळ पेटला असं धरलं तर २१ दिवसांत साधारण १५ युनिट वीज जाते, म्हणजे खर्चाचा बाऊ नको. विकतची प्लास्टिकची यंत्रं आपोआप अंडी फिरवतात, तेवढ्यासाठी ती घ्यावीत. त्यांच्या काचेवरच्या आकड्यावर मात्र विश्वास ठेवू नये. अर्धा-एक अंशाची चूक त्यांच्यात सर्रास असते आणि अर्धा अंश २१ दिवस चुकला की पिल्लं एक दिवस आधी किंवा उशिरा, अशक्त निघतात. ताप मोजायचा चांगला डिजिटल थर्मामीटर आणि यंत्राचा सेन्सर दोन्ही कोमट पाण्याच्या एकाच पेल्यात धरून फरक लिहून ठेवावा. टाउनशिपमध्ये इन्स्ट्रुमेंटेशन विभागातला एखादा शेजारी सापडतोच, त्याला हे काम आवडतं.

दमटपणाकडे वळू, कारण भिलाईत खरी मेख तिथं आहे आणि वर दिलेला ५० टक्क्यांचा आकडा खोलीच्या हवेचा विचार न करता पाळायला गेलं की घोटाळा होतो. हवा तापवली की तिची पाणी धरायची ताकद वाढते, त्यामुळे तीच वाफ टक्क्यांत कमी भरते. ऑगस्टमध्ये खोलीत २८ अंश आणि ८५ टक्के दमट हवा असेल, तर पेटीत ३७.५ ला ती आपोआप ५० टक्क्यांवर येते. म्हणजे श्रावणात पहिले १८ दिवस पाण्याची वाटी ठेवायचीच नाही. ठेवली तर अंड्यातलं पाणी उडत नाही, आतली हवेची पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू शेवटच्या दिवशी गुदमरतं. डिसेंबरात खोलीत १८ अंश आणि ५० टक्के, तर पेटीत जेमतेम १६. तिथं एक वाटी पुरत नाही, रुंद तोंडाची ताटली आणि ओला स्पंज लागतो, कारण वाफ पाण्याच्या खोलीवर अवलंबून नसते, पृष्ठभागावर असते.

आणि मे? दार-खिडक्या लावून एसी चालवला, २५ अंश आणि ५० टक्के ठेवले, तर पेटीत २५ टक्के उरतात. त्याऐवजी वाळ्याचा किंवा हनीकोम्बचा साधा कूलर लावलेली खोली ३० अंश आणि ६५ टक्के धरली, तर पेटीत ४३ टक्के मिळतात, शिवाय खोली पेटीपेक्षा सातएक अंशांनी गार राहिल्यानं थर्मोस्टॅटला काम करायला वाव मिळतो. ज्याच्या घरात एसी आहे त्यानं कूलरवाल्याकडे अंडी ठेवायला द्यावीत, असा हा विरळा प्रसंग. पण मेमधली ही सगळी मांडणी विजेच्या तारेवर टांगलेली आहे. हिवाळ्यात तासभर वीज गेली तर काही करू नये, झाकण उघडू नये. गर्भ थंडी बरीच सोसतो, फार तर पिल्लू काही तास उशिरा निघतं. उन्हाळ्यात वीज गेली की कूलर थांबतो आणि खोली चढू लागते. उष्णता गर्भ सोसत नाही. चाळीसच्या वर काही तास गेले की खेप संपली. तेव्हा झाकण उघडायचं, अंडी घरातल्या सर्वांत गार फरशीवर, ओल्या पंचाच्या शेजारी ठेवायची.

दमटपणा मोजण्याचं स्वस्त यंत्रही खोटं बोलतं. त्यावर उतारा स्वयंपाकघरातला वजनकाटा. अठरा दिवसांत अंड्याचं वजन साधारण १२ टक्क्यांनी घटायला हवं. गावरान अंडं ४५ ग्रॅम धरलं तर दहा अंड्यांचे ४५० ग्रॅम, आणि अठराव्या दिवशी ३९५ च्या आसपास. म्हणजे रोज तीन ग्रॅम. तीनाऐवजी दोननंच घटत असेल तर पाणी कमी करा, चारनं घटत असेल तर वाढवा. पेटीत काय चाललंय हे याहून सरळ सांगणारं साधन मला माहीत नाही.

अंडी कुठून आणावीत? डेअरीशेजारच्या दुकानातली पांढरी अंडी उबत नाहीत, कारण त्या कोंबड्यांनी कोंबडा पाहिलेलाच नसतो. हे सांगूनही दरवर्षी कुणीतरी एक कॅरेट लावतंच. तपकिरी रंगाच्या, 'देशी' म्हणून विकल्या जाणाऱ्या अंड्यांचंही तेच. रंग जातीनं येतो, कोंबड्यानं नाही. फलित अंडी हवीत तर आठ-दहा कोंबड्यांमागे एक धडधाकट कोंबडा असलेलं घर शोधायचं, सात दिवसांच्या आतली अंडी घ्यायची, धुवायची नाहीत, टोकाची बाजू खाली ठेवायची. उन्हाळ्यात कोंबड्याचीही क्षमता घटते, म्हणून एप्रिल ते जूनची अंडी आधीच लंगडी. गोंदियाहून किंवा नागपूरहून मामाकडची अंडी रेल्वेनं आणली असतील तर ती लगेच यंत्रात टाकू नयेत. धक्क्यांनी आतली हवेची पोकळी सैल होते. एक रात्र टोक खाली करून निवू द्यावीत.

हौशी माणसानं सुधारित जातींचाही विचार करावा. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं परसासाठी वनराजा आणि ग्रामप्रिया काढल्या, बंगळूरच्या कृषी विद्यापीठानं गिरिराजा. या कोंबड्या गावरानपेक्षा अधिक देतात. पण त्या संकरित असल्यानं त्यांच्याच अंड्यांतून पुढची पिढी काढली तर आईबापांसारखी निघेल याची खात्री नाही. अशा जातीची एक दिवसाची पिल्लंच घ्यावीत. दुर्गजवळ अंजोऱ्याला पशुवैद्यक महाविद्यालय आणि कामधेनु विद्यापीठ आहे, चौकशीला ते जवळचं ठिकाण. महाराष्ट्रात पुण्याला खडकीचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आणि इतर शहरांतली तशीच सरकारी केंद्रं हे काम करत आली आहेत. घरापासून तासाभरावर राजनांदगावला आयबी ग्रुपसारखा मोठा कुक्कुट उद्योग उभा आहे, पण त्यांचं जग ब्रॉयलरचं. दहा अंडीवाल्याला तिथं काम नाही.

कडकनाथबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण निम्म्या चौकश्या त्याच्याच असतात. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. छत्तीसगडनं दंतेवाड्यासाठी हक्क सांगितला होता, तो मागे पडला. मांस काळं असतं, अंडं काळं नसतं, फिकट बदामी असतं. 'काळी अंडी' म्हणून कुणी विकत असेल तर तिथून उठावं. कोंबडी वर्षाला ऐंशी-नव्वद अंडी देते आणि बसत नाही, म्हणून कडकनाथसाठी यंत्र किंवा दुसऱ्या जातीची खुडूक कोंबडी लागतेच. यातून श्रीमंत होण्याचा हिशेब कुणी मांडून दाखवला तर इस्लामपूर आठवावं. तिथून चालवलेल्या कडकनाथ गुंतवणुकीच्या योजनेचा २०१९ मध्ये बोजवारा उडाला आणि अनेक शेतकऱ्यांनी फसवणुकीच्या तक्रारी केल्या. पिल्लं विकायची, पक्षी परत घ्यायचे, अंडी चढ्या भावानं उचलायची असली आश्वासनं पक्ष्यावर नसून पुढच्या गिऱ्हाइकावर उभी असतात.

सातव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून अंडी बघायची. जिवंत अंड्यात काळा ठिपका आणि त्यातून फुटलेल्या शिरा दिसतात. स्वच्छ अंडं वांझ. लाल कडं दिसलं तर गर्भ मेला. अशी बाजूला काढावीत, कारण सडलेलं अंडं फुटलं की सगळी पेटी जाते. मुलांना हा दिवस एकविसाव्याइतकाच आवडतो.

विसाव्या दिवशी पिल्लू चोचीनं आतला पडदा फोडून हवेच्या पोकळीत पहिला श्वास घेतं, मग कवचाला बारीक भोक पाडतं, आणि मग काहीच करत नाही. बारा, कधी चोवीस तास. या वेळात ते कवचाला चिकटलेल्या रक्तवाहिन्यांतलं रक्त ओढून घेत असतं आणि उरलेला बलक पोटात घेत असतं. बाहेरून ते अडकल्यासारखं दिसतं आणि कुणीतरी दया येऊन सोलायला जातं. रक्त येतं, पिल्लू मरतं. झाकण वारंवार उघडलं तरी पडदा वाळून चामड्यासारखा आवळतो. पोटात घेतलेल्या त्या बलकावर पिल्लू दोन दिवस दाणापाण्याविना राहू शकतं. एका दिवसाच्या पिल्लांची खोकी बसनं आणि रेल्वेनं गावोगाव जाऊ शकतात ती त्यामुळेच, आणि तुम्हीही निघालेल्याला लगेच बाहेर काढायची घाई करू नये. चांगल्या हॅचरीत फलित अंड्यांपैकी ८० टक्क्यांच्या वर पिल्लं निघतात. घरी निम्म्याहून अधिक निघाली तर पहिल्या खेपेला तक्रार करू नये.

इथवर सगळे लेख येतात आणि थांबतात. भिलाईत खरं काम इथून सुरू होतं. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ अंशांची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनएक अंशांनी कमी. मेमध्ये ती खोलीच देते, तिथं बल्ब लावणं म्हणजे पिल्लं मारणं. सावली, वारा, उथळ भांड्यातलं पाणी, एवढंच. पावसाळ्यात पिल्लांखाली अंथरलेलं तूस ओलं होतं आणि रक्ती हगवण लागते. सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट लशींची. हॅचरीतलं पिल्लू मरेक्स रोगाची लस टोचून बाहेर पडतं. ती लस हजार-हजार मात्रांच्या कुपीत, द्रव नायट्रोजनमध्ये जपलेली येते, त्यामुळे घरच्या आठ पिल्लांना ती मिळत नाही. राणीखेतची मात्र मिळू शकते. पाच ते सात दिवसांच्या पिल्लाच्या डोळ्यात एक थेंब. तिचीही कुपी शंभराच्या पुढच्या मात्रांची आणि कालवल्यावर दोन-तीन तासांत संपवायची. तेव्हा सेक्टरातल्या चार-पाच घरांनी एकाच आठवड्यात अंडी ठेवून कुपी वाटून घेणं शहाणपणाचं. अंड्यापेक्षा हे सहकार्य जमवणं कठीण, हे कबूल.

बर्ड फ्लूचा धोका शब्दांत कमी-जास्त करण्याजोगा नाही. भारतात तो पहिल्यांदा सापडला २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. जानेवारी २०२५ च्या शेवटी छत्तीसगडच्या रायगढमधल्या सरकारी कुक्कुट केंद्रात सापडला. साथ आली की केंद्राभोवतीच्या एक किलोमीटरमधले सगळे पक्षी मारले जातात, परसातल्या चार कोंबड्याही त्यात येतात. अशा बातम्या चालू असतील तर त्या हिवाळ्यात अंडी ठेवू नयेत, बाहेरची तर आणूच नयेत.

आणि कोंबडे. बारा अंड्यांतून आठ पिल्लं निघाली तर त्यातले सरासरी चार नर. अंडी देणाऱ्या जातींचे नर उद्योगात पहिल्याच दिवशी मारले जातात. जर्मनीनं २०२२ पासून त्यावर बंदी घातली, आपल्याकडे तशी बंदी नाही. घरच्या उबवणीत हा प्रश्न चार-पाच महिन्यांनी पहाटे चारला आरवत समोर येतो. क्वार्टर कंपनीचं, भिंत शेजाऱ्याला लागून. वाटपाच्या अटी आधी वाचलेल्या बऱ्या. ज्या घरात कोंबडी कापून खाल्ली जाते तिथं हा प्रश्नच नाही, खरं म्हणजे तिथं तो फायदा आहे. ज्या घरात मुलांनी आठही पिल्लांना नावं दिली आहेत तिथं मात्र कठीण. गावाकडे पाठवू, असं सगळे म्हणतात. गावाकडे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. ज्याला फक्त अंड्यांसाठी तीन-चार कोंबड्या हव्यात त्यानं उबवणीच्या फंदात न पडता पाच महिन्यांच्या तलंगा विकत घ्याव्यात, हे माझं ठाम मत आहे. उबवणी ही उबवणी पाहायची असेल तर.

आणि पाहायचीच असेल तर तारीख उलटी मोजावी. मार्चच्या शेवटी भिलाईत ऊन चढू लागतं. तोवर पिल्लांना पूर्ण पिसं यायला हवीत, त्याला सहा आठवडे लागतात. म्हणजे पिल्लं जानेवारीच्या अखेरीला निघालेली बरी. १० जानेवारीला संध्याकाळी ठेवलेली अंडी ३१ तारखेला फुटतात. अंडी सात दिवसांच्या आतली हवीत, तेव्हा गोळा करायला ३ जानेवारीपासून सुरुवात. पेटी त्याआधी दोन दिवस रिकामी चालवून पाहावी, रात्रीच्या थंडीत बल्ब पुरतो का ते तेव्हाच कळतं. लशीसाठीची घरं डिसेंबरात ठरवून टाकावीत.